दिनकरकाका ब्रेक तपासतात

आमच्या दिनकरकाकांच्या घरी पाहुण्याने मिठाईचा पुडा आणला, तर तो थेट स्वयंपाकघरात जात नाही. तो दारामागच्या एका लोखंडी रॅकवर जातो. या रॅकला घरात ‘होल्ड’ असे म्हणतात. तिथे पुड्याचे वजन होते, छापलेल्या वजनाशी ते ताडले जाते, खोक्याचे चारही कोपरे पाहिले जातात आणि त्यानंतरच काका ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ असा निकाल देतात. पाहुणा तोवर समोरच बसलेला असतो. एकदा काकूंच्या सख्ख्या भावाने आणलेले पेढे वजनात कमी भरले, तेव्हा काकांनी ते अत्यंत सभ्यपणे त्याच्याच पिशवीत परत ठेवले आणि म्हणाले, “मनावर घेऊ नका. माल सप्लायरकडे परत जातो, एवढंच.” त्यानंतर तो भाऊ नेहमी फुले घेऊन येऊ लागला. फुलांना मापांचे ड्रॉइंग नसते, त्यामुळे ती तपासता येत नाहीत, हे काकांना मान्य होते.

मी मनमाडहून त्यांच्याकडे खरवईला राहायला आले, तेव्हा माझ्या सूटकेसचेही हेच झाले. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले होते आणि अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ट्रेनी म्हणून रुजू व्हायचे होते. काकांनी दारातच सूटकेस आडवी केली, दोन्ही चाके बोटाने फिरवली आणि डाव्या चाकापाशी थांबले. “हे घासतंय,” ते म्हणाले. ती बॅग मी स्टेशनपासून ओढत आणली होती, त्यामुळे ही माहिती मला नवी नव्हती. सूटकेस त्या रात्री होल्डवर राहिली आणि मी काकूंचा गाऊन घालून झोपले.

या स्वभावाचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. काकांनी आयुष्यभर आनंदनगरातल्याच एका इंजिनिअरिंग कारखान्यात ‘इनकमिंग इन्स्पेक्शन’ केले. बाहेरून आलेला माल गेटच्या आत घ्यायचा की आल्या पावली परत पाठवायचा, हे ठरवायचे काम. ट्रक उभा राहायचा, ड्रायव्हर चहा प्यायला जायचा आणि काका हातात बारीक मापे घ्यायचा वर्नियर घेऊन मालाभोवती फिरायचे. त्यांचे ब्रीद एकच होते, “डाउट म्हणजे रिजेक्ट.” निरोपसमारंभात कारखान्याने त्यांना मनगटी घड्याळ दिले, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरच ते सभागृहाच्या घड्याळाशी ताडले आणि मागे असल्याचे जाहीर केले. टाळ्या वाजवणाऱ्यांना हा भाषणाचा भाग वाटला.

निवृत्त झाल्यावर माणसे बाग लावतात, नाही तर देशाच्या राजकारणावर बोलतात. काकांनी घरात येणारा माल हाती घेतला. बटाट्यांसाठी त्यांनी लोखंडी पट्टीला दोन भोके पाडून एक माप तयार केले होते. बटाटा मोठ्या भोकातून जायला हवा आणि लहान भोकातून जाता कामा नये. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने हा प्रकार काही आठवडे सहन केला. मग एके सकाळी तिने टोपली पुढे सरकवून शांतपणे विचारले, “तुमाला बटाटा खावाचा हाय, का त्याचा लगीन लावाचा हाय?” काकांनी नापास झालेले बटाटे वेगळे काढून ठेवले, इतकेच. काकूंच्या पोळीची जाडी मात्र त्यांनी एकदाच मोजली. “मध्ये जास्त, कडेला कमी,” असा निष्कर्ष आला. काकूंनी ती पोळी ताटातून उचलली, माल सप्लायरकडे परत आला असे सांगितले आणि स्वतः खाल्ली. काका त्या रात्री नुसता भात जेवले आणि पोळी हा विषय तपासणीतून कायमचा वगळला गेला.

रोज सकाळी काका मला स्कूटरवरून कारखान्यात सोडायला येत. पुतणीला सोडायला निघालेला निवृत्त माणूस सहसा लेंग्यावर शर्ट चढवतो. काका कडक इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट आणि खिशाला दोन पेने अशा थाटात निघत. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला ते वेग कमी करून ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणत आणि प्रत्येक टँकरला पुढे जाऊ देत. मी वेळेवर पोहोचत असे, पण त्यापलीकडे एक मिनिटही हाती लागत नसे. आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख देसाई मॅडम यांच्या ताब्यात तेव्हा एक नवे यंत्र आले होते, गॅस क्रोमॅटोग्राफ. एखाद्या मिश्रणात काय काय दडले आहे, ते एकेक वेगळे काढून दाखवणारे. शिफ्ट सुरू झाली की त्यावर उत्पादनाचे नमुने चालत आणि ट्रेनींना त्याच्या आसपासही फिरकू दिले जात नसे. मॅडम स्वतः तासभर आधी येत. त्यांनी आम्हा दोघा ट्रेनींना एकत्र बोलावून सांगितले, की महिना संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून जो शिफ्टच्या तासभर आधी हजर राहील, त्याला त्या हे यंत्र शिकवतील. जो एक दिवस येईल आणि दोन दिवस येणार नाही, त्याच्यावर त्या वेळ घालवणार नाहीत. यंत्र चालवता येणारा ट्रेनी केमिस्ट होणार होता आणि न येणारा काचेच्या नळ्या धूत राहणार होता. दुसरा ट्रेनी अंबरनाथलाच कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहत असे. मी राहत होते खरवईला, आणि त्या वेळेला तिथून ना कंपनीची बस होती, ना रिक्षा.

मी काकांना विचारले, की आपण तासभर आधी निघू शकतो का. ते म्हणाले, गार हवेत इंजिनावर ताण येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा रस्त्यावर कुत्री असतात असे कळले. तिसऱ्या खेपेला दव. कारण एकच असते तर मी त्यावर विश्वास ठेवला असता. ते रोज बदलत होते आणि निघण्याची वेळ मात्र तसूभरही बदलत नव्हती, ही गोष्ट मी नोंदली. तिचा अर्थ लावायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. मी सायकल घ्यायचे ठरवले.

सायकल जुनी होती. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ नोकरीसाठी दुबईला निघाला होता, त्याची. जाड टायर, गिअर आणि पुढे-मागे चक्क डिस्क ब्रेक. हे ब्रेक तेव्हा आमच्याकडे इतके नवलाचे होते, की सोसायटीतले लोक वाकून ‘मोटारसायकलचं चाक बसवलंय का’ असे विचारत. चाकाच्या मधोमध पोलादाची पातळ चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. ब्रेक दाबला की चिमटी आवळते आणि चाक थांबते. या सायकलीचे पॅड झिजून धातूला लागले होते आणि चकतीवर खोल चरे पडले होते. ब्रेक दाबल्यावर कर्कश किंकाळी येई आणि सायकल तिच्या मर्जीने थांबे. आमच्या गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत सरळ उतार आहे आणि त्या रस्त्यावरून दिवसरात्र रसायनांचे टँकर धावतात. ब्रेक बदलल्याशिवाय ती सायकल चालवणे म्हणजे आत्महत्या झाली असती, हे सांगायला इन्स्पेक्टरची गरज नव्हती.

काकांनी अर्थातच सायकल ताब्यात घेतली. ती रॅकवर मावली नाही, म्हणून गॅलरीलाही ‘होल्ड’चा दर्जा मिळाला आणि काकूंचे कपडे वाळत घालायचे दोर वरच्या मजल्यावर गेले. मी सायबर कॅफेत बसून जमवलेली माहिती तक्त्यात मांडली होती: चकतीचा व्यास, पॅडचा प्रकार, सुटे भाग मिळण्याची शक्यता. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक मी आधीच वगळले होते, कारण कल्याणपासून कर्जतपर्यंत ते दुरुस्त करणारा कोणी असण्याची शक्यता शून्याच्या जवळ होती. तारेवर चालणारे साधे डिस्क ब्रेक घ्यावेत, असा माझा निष्कर्ष होता. काकांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. “कागदावर सगळा माल पास असतो,” असे म्हणून त्यांनी वर्नियरची पेटी काखेला मारली आणि आम्ही उल्हासनगरला निघालो.

कॅम्प पाचमधल्या ज्या दुकानात आम्ही गेलो, ते गोपीशेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचे होते. सायकलचे सुटे भाग छतापासून लोंबत होते आणि त्यांच्यामध्ये गोपीशेठ अत्यंत समाधानी मुद्रेने बसलेले होते. त्यांनी ब्रेकचा एक संच काउंटरवर ठेवला. काकांनी चकती काढून काउंटरच्या काचेवर आडवी केली, खिशातून कागदाची पातळ पट्टी काढली आणि ती चकतीखाली कुठून सरकते आहे ते पाहू लागले. गिऱ्हाइके थांबून बघू लागली. काकांनी मान वर न करता विचारले, माल ओरिजिनल आहे का.

“ओरिजिनल डुप्लिकेट है, साईं,” गोपीशेठ प्रामाणिकपणे म्हणाले. “इसके नीचे भी डुप्लिकेट आता है. वो मैं रखता नहीं.”

हे उत्तर काकांना फार आवडले. परतताना ते दोनदा म्हणाले, की सप्लायर सरळ आहे.

तो पहिला संच काकांनी पास केला. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण नंतर जे झाले त्यावरून कोणाचाही गैरसमज होईल. त्यांनी तो सगळ्या मापांनी तपासला, सगळ्या मापांनी तो उतरला, आणि काकांनी मला हाक मारून ‘पास’ म्हणून सांगितले. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून येईपर्यंत त्यांनी तो सायकलला बसवलाही होता. मी सायकल खाली नेली, सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली, वेग घेतला आणि दोन्ही ब्रेक दाबले. काहीही झाले नाही. किंकाळी नाही, धक्का नाही, वेगात फरक नाही. शेजारच्या इमारतीचे बांधकाम चालू होते. त्यांच्या वाळूच्या ढिगाने मला थांबवले.

वाळूतून उठल्यावर मी चकतीला बोट लावले आणि नाकाशी धरले. तेल होते. चौकशीत जे निष्पन्न झाले ते असे: कारखान्यात तपासून पास झालेला पोलादी माल कधीही कोरडा ठेवत नाहीत, गंज चढू नये म्हणून तो तेलात बुडवून काढतात. तिथे हे पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि काकांच्या ते इतके अंगवळणी पडले होते, की चकत्या आणि पॅड दोन्ही त्यांनी रात्रभर गंजरोधक तेलात ठेवून, सकाळी निथळवून बसवले होते. ब्रेकचे सगळे तत्त्व घर्षणावर उभे असते आणि काकांनी नेमका घर्षणाचाच बंदोबस्त केला होता. पॅड स्पंजासारखे तेल पितात आणि एकदा प्यायले की ते परत निघत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी माझे खरचटलेले कोपर उजेडाकडे वळवून पाहिले, वरवरचे असल्याचे सांगितले आणि मग संपूर्ण संध्याकाळ गॅलरीत त्या सायकलीकडे बघत बसून राहिले. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, “मी पास केलेला माल कधी परत आला नव्हता.”

इथून त्यांची तपासणी अधिकच धारदार झाली. दुसऱ्या संचाची चकती त्यांनी ओट्यावर ठेवली, कारण ओट्याचा ग्रॅनाइट ही घरातली सर्वांत सपाट जागा होती. त्या दिवशी आमटी उशिरा झाली. चकतीला बाक होता. इतका बारीक, की मला तो दिसेना, पण काकांनी कागदाची पट्टी सरकवून दाखवली आणि तो खरोखर होता. रिजेक्ट. तिसऱ्या संचातल्या दोन पॅडची जाडी वेगळी होती. तीही खरोखर वेगळी होती. रिजेक्ट. प्रत्येक वेळी आम्ही स्कूटरवरून कॅम्प पाचला जात होतो आणि प्रत्येक वेळी गोपीशेठ आम्हाला येताना पाहून आतल्या खोलीत काही तरी शोधायला जात होते. तिसरा संच परत करताना त्यांनी काकांशी बोलायचेच टाळले आणि ते माझ्याकडे वळले.

“बेटी, एक बात बोलूँ. ये अंकल को किसी के वास्ते लड़की देखने मत भेजना.”

हे मी घरी येऊन काकूंना सांगितले. काकू तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “मला बघायला आले तेव्हा ही सवय नव्हती गं. असती तर मी सुटले नसते का?”

महिना संपत आला होता. गोपीशेठ म्हणाले होते, की भिवंडीहून एक संच मागवतो आणि तो पास झाला नाही तर दुकान बंद करून तुमच्या गॅलरीत येऊन बसतो. दुसरा ट्रेनी प्रयोगशाळेत यंत्राच्या माहितीपुस्तकाची पाने मोठ्याने वाचू लागला होता. मी काकूंना एकदा वैतागून विचारले, की काकांना मी सायकल चालवायलाच नको आहे का. काकू म्हणाल्या, की तुझ्यात जीव आहे त्यांचा, टँकरचा रस्ता आहे, भीती वाटत असेल. हे स्पष्टीकरण मला पटले. त्यात सगळी निरीक्षणे बसत होती: बदलणारी कारणे, न बदलणारी वेळ, वाढत गेलेली कडक तपासणी. एखाद्या गृहीतकात सगळे बसते म्हणजे ते सिद्ध होते असे नाही, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवले होते.

त्या शुक्रवारी देसाई मॅडमनी मला एक नमुना घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात पाठवले. दिवस बराच वर आला होता. वळणावर मला काकांची स्कूटर दिसली. मला सोडून ते केव्हाच घरी गेले असतील, निदान बाजारात गेले असतील, अशी माझी समजूत होती. काकूंना ते बाजारच सांगत असत. स्कूटर एका चहाच्या टपरीपाशी उभी होती आणि समोर त्यांच्या जुन्या कारखान्याचे गेट होते.

गेटबाहेर सळयांनी भरलेला ट्रक उभा होता. काका ट्रकच्या मागे उभे होते. त्यांनी खिशातले पेन काढून एका सळईवर हलकेच वाजवले, कान जवळ नेला, मग दुसरीवर वाजवले. तेवढ्यात आतून गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण इन्स्पेक्टर आला. काका त्याला काही तरी सांगू लागले. त्याने मान डोलावली, म्हणजे माणूस मोबाइलवर बोलताना डोलावतो तशी, आणि तो ट्रकला आत घेऊन गेला. गेट बंद झाले. काका टपरीच्या बाकावर जाऊन बसले आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, पुढचा ट्रक येतो तिकडे, बघू लागले. पँटच्या घड्या मोडू नयेत म्हणून त्यांनी ती गुडघ्यांवर जरा वर ओढून घेतली.

मी पलीकडच्या फुटपाथवरून, गेटच्या केबिनच्या आडोशाने पुढे गेले. केबिनमधल्या वॉचमनला मी त्या साहेबांविषयी विचारले. माझ्या गळ्यातले शेजारच्या कारखान्याचे ओळखपत्र पाहून तो मोकळेपणाने बोलला.

“रोज येत्यात साहेब. जयभीम घालत्यात, आज काय काय यायचंय इचारत्यात. आत सोडायची परवानगी न्हाई आमाला, पण भाईरून बघत्यात. पुतणीला सोडाया आलो हुतो, म्हनून थांबलो, आसं सांगत्यात. रोज त्येच.” मग त्याने स्वतःहून पुढे सांगितले, “बिनकामाचं गेटवर हुबं ऱ्हायचं न्हाई, ह्यो त्यांचाच नियम हुता ना. आमालाबी हाकलायचे.”

मी नमुना पोहोचवला, पावती घेतली आणि परत येताना लांबच्या रस्त्याने आले.

काकांना माझ्याबद्दल भीती वगैरे काही वाटत नव्हती. त्यांना गेटवर जायला एक काम हवे होते आणि ते काम मी होते. मी एकटी सायकलवर गेले, की काकांपाशी त्या बाकावर बसायचे कारण उरणार नव्हते. तासभर आधी निघालो असतो तरी उपयोग नव्हता, कारण त्या वेळेला ट्रक येत नाहीत. इतके सगळे असूनही त्यांनी एकही संच खोटे कारण सांगून परत पाठवला नव्हता. बाक होता, जाडी वेगळी होती. मी स्वतः पाहिले होते. पहिला संच तर त्यांनी पासच केला होता.

त्याच संध्याकाळी गोपीशेठचा चौथा संच आला होता. त्यांनी तो दुकानातल्या माणसाबरोबर पाठवला होता, स्वतः यायचे धाडस केले नव्हते. मी घरी आले तेव्हा काका ओट्यापाशी बसले होते आणि चकत्या ग्रॅनाइटवर होत्या. कागदाची पट्टी कुठूनही आत जात नव्हती. पॅड जुळत होते, भोके जुळत होती. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“तू बघ एकदा,” ते म्हणाले.

असे त्यांनी यापूर्वी कधी म्हटले नव्हते. मी कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, हातात घेतला, त्याचा दांडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हालचाल निर्दोष होती. सोमवार तीन दिवसांवर आला होता, ते यंत्र मला हवे होते आणि समोर ओट्यावर ते मिळण्याचे साधन पडले होते. तरी मी म्हणाले, की यात थोडा प्ले वाटतोय. म्हणजे भाग सैल आहे, हलतोय.

काकांनी तो माझ्या हातातून घेतला. कानाशी नेऊन हलवला. मग त्यांनी पेटीतून केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारे डायल गेज काढले, ओट्यावर उभे केले, त्याचे टोक दांड्याला टेकवले आणि काट्याकडे बघत दांडा हलवला. काटा हलला नाही. त्यांनी जागा बदलून पुन्हा पाहिले. काकू कुकर लावायला येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या कुकर तसाच हातात घेऊन परत गेल्या.

“किती वाटला प्ले?”

मी म्हणाले, अगदी थोडा.

“थोडा म्हणजे किती? केमिस्ट आहेस. आकडा सांग.”

मी एक आकडा सांगितला. काकांनी गेज बंद केले, कापडात गुंडाळले आणि पेटीत त्याच्या खाचेत ठेवले. मग ते माझ्याकडे न बघता बोलले.

“सकाळी तू फुटपाथ बदललास, तेव्हा बघितलं मी तुला.” मग पेटीचे झाकण लावून ते म्हणाले, “खोटं रीडिंग द्यायचं नाही, बाळा. कुणासाठीच नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.”

त्यानंतर त्यांनी चकत्या कोरड्या फडक्याने पुसल्या. दोनदा पुसल्या. तेलाचा डबा ओट्याखालून उचलून काकूंच्या हातात दिला आणि बाहेरच्या खोलीत ठेवायला सांगितला. मग ते नट-बोल्टचे पाने घेऊन गॅलरीत गेले आणि बसवायला लागले. मी बॅटरी धरली. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी चाक फिरवले, ब्रेक दाबला, चाक जागीच थांबले. ते ‘पास’ म्हणाले, पण इतक्या हळू, की आत काकूंना ऐकू गेले नाही आणि त्यांनी आतून विचारले, याही वेळी परत का.

“नाही,” काका म्हणाले. “ठेवला.”

सोमवारी मी उठले तेव्हा पुरते उजाडले नव्हते. काकूंनी डबा भरून ठेवला होता. काका आंघोळ करून तयार होते, इस्त्रीची पँट, बूट, खिशाला दोन पेने. त्यांनी सायकल खांद्यावर घेऊन तीन जिने उतरवली आणि गेटबाहेर उभी केली. टायर अंगठ्याने दाबून पाहिले. उतारावर आधी मागचा ब्रेक, मग पुढचा, दोन्ही एकदम नाही, असे सांगितले. संध्याकाळी पॅड बघतो, पहिल्या दिवशी बघावे लागतात, असेही म्हणाले. मी हो म्हटले आणि पायडल मारले.

उताराच्या तोंडाशी मी मागचा ब्रेक दाबला, मग पुढचा. सायकल थांबली. आवाज नाही, हिसका नाही. खाली मोठ्या रस्त्यावर एक टँकर दिवे लावून गेला. मी पाय टेकवून मागे पाहिले. काका गेटमध्येच उभे होते आणि त्यांनी हात वर करून मला पुढे जा अशी खूण केली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला. स्कूटर मात्र आत, स्टँडवरच होती.